जाफर शिकलगारचा जळलेला लेझर

दिनांक ९ फेब्रुवारी २०२४. त्या दिवसापर्यंत जाफर शिकलगारच्या लेझरला अकरा हजार सहाशे पस्तीस रुपये खर्च आला होता, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तो बिघडला. बंद पडला असं सरळ म्हणता येत नव्हतं, कारण उजेड पडत होता. निळा, थोडा जांभळट. पण त्या उजेडानं काही जळत नव्हतं.

रहिमतपुरात ज्या भांड्यांच्या दुकानाचे हिशेब मी सांभाळतो, त्या दुकानाच्या पायरीवर जाफर तीसेक वर्षं बसत आला. भांड्यांवर नावं घालणं हा त्याचा धंदा. मुठीत मावेल एवढं विजेचं मशीन असतं, त्याची सुई टकटक करत स्टीलवर ठिपके पाडत जाते, आणि ठिपक्यांची अक्षरं होतात. लग्नाचा आहेर, वास्तुशांत, वर्षश्राद्ध, काहीही असो, भांडं घेतलं की गिऱ्हाईक पायरीवर थांबणारच. जाफर आधी नाव तीनदा मोठ्यानं वाचून दाखवायचा. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "अरे कळलं की." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "चि.च्या जागी कै. पडलं तर माझं काय जात न्हाई, तुमच्या घरात भांडण लागंल." अक्षर त्याचं टपोरं आणि सरळ. आसपासच्या गावांतल्या मांडण्यांवर आजही ते ओळखू येतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याची बोटं पांढरी पडायला लागली. आधी थंडीत, मग केव्हाही. एकदा कपातला उकळता चहा त्याच्या बोटांवर सांडला आणि तो गप्पा मारत राहिला. मी ओरडलो तेव्हा त्यानं खाली पाहिलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या वर्षांच्या थरथरीनं बोटांतल्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब झाल्या आहेत. मशीन आजच सोडा. नाही सोडलं तर बोटं राहतील, पण त्यांना काही कळणार नाही.

उजवा हात गेला तर पुढं काय, याचं उत्तर त्यानं स्वतःच काढलं. तरुणपणी सांगलीत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तो दोन वर्षं राबला होता, तेवढ्या भांडवलावर. दोन मोडके प्रिंटर भंगारातून आणून त्यांची सरकणारी चौकट बनवली. लेझरचा डायोड, म्हणजे बोटाच्या पेराएवढं पितळी नळकांडं, पुण्याहून मागवला. मोटार वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. बाकीचं मोबाईलवरच्या व्हिडिओंतून शिकला. ताटाला पांढरा ऑईल पेंट पातळ करून लावायचा, त्यावरून लेझर फिरला की अक्षर काळं होऊन स्टीलला धरतं, उरलेला पेंट थिनरनं पुसून टाकायचा. थरथर नाही, आवाज नाही. पहिलं ताट जमलं त्या दिवशी तो दुकानात आला आणि माझ्या टेबलावर ते ठेवून नुसता उभा राहिला.

त्यावर पहिलं मोठं काम मिळालं ते बनुबाई फडतऱ्यांचं. त्यांचे यजमान सयाजीराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मागच्या वर्षी वारले. त्यांच्या वर्षश्राद्धाला गावजेवणात दोनशे चाळीस ताटं वाटायची होती, प्रत्येकावर नाव घालून. तिथी २७ फेब्रुवारीला येत होती आणि ती कुणासाठी पुढं जाणार नव्हती. साठेक ताटं झाली आणि लेझरनं दगा दिला.

मी रविवारी त्याच्या घरी गेलो. घर गावाबाहेर कॅनॉलकडेच्या वस्तीवर. तिथल्या घरांना आणि शेतीच्या मोटारींना एकाच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून वीज. दिवसा थ्री फेज असते, सगळ्या मोटारी चालू असतात, आणि घरातल्या बल्बची तार फक्त तांबडी होते. म्हणून वस्तीवर घरोघरी बूस्टर. पेटीवर एक गोल बटण असतं, ते फिरवलं की व्होल्टेज वाढवून मिळतं. थ्री फेज गेली की मोटारी थांबतात, घरांची वीज मात्र राहते, व्होल्टेज आपोआप वर चढतं, आणि तेव्हा ज्यानं त्यानं धावत जाऊन बूस्टर खाली करायचा, नाहीतर टीव्ही जळतो. हे वस्तीवरच्या लहान पोरालाही माहीत असतं.

जाफर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता. समोर लेझर उघडा.

"लेन्स पुसून बघितलीस?" मी विचारलं.

"तुमी चौथं विचारणारं, दिवाणजी. पुसली, फिरवली, उलटी बसवली, परत सुलटी बसवली."

"वायर?"

"सगळ्या नव्या घातल्या. पंखा चालतोय. उजेड तर पडतोय बघा." त्यानं वेल्डिंगची काच डोळ्यांपुढं धरून बटण दाबलं. ताटावर निळा डाग पडला. त्यानं डागाखाली आगपेटीची काडी धरली. काडी तशीच राहिली. "शुक्रवारी दुपारी हीच काडी भप्पकन पेटत हुती."

"शुक्रवारी काय झालं ते नीट सांग."

"काय न्हाई. चांगलं चाललं हुतं. साडेपाचला थ्री फेज गेली, मी टीव्हीचा बूस्टर खाली करून आलो. बघतो तर ह्यो असा. अर्धं नाव काळं, अर्धं कोरं."

त्याची बायको मेहरुनबी चहा घेऊन आली. "दिवाणजी, तुमी तरी सांगा ह्यास्नी. तीन दिस झालं, जेवणाचं ताट म्होरं ठेवलं तरी खालनं उजेड मारून बघत्यात."

जाफर हसला नाही. त्याचं सगळं लक्ष हाताकडं होतं. उजव्या हाताची बोटं तो डाव्या हातानं एकेक करून दाबून पाहत होता, शेंगांतले दाणे वरून चाचपावेत तसा.

सोमवारी बनुबाई स्वतः रिक्षा करून आल्या. मी दुकानातून उरलेल्या ताटांचे खोके पोचवायला त्याच वेळी वस्तीवर होतो. बाई सत्तरीच्या, डोक्यावरून पदर, आवाज खणखणीत.

"मशीनचा आवाज येत न्हाई, जाफर? झोप काढतुयास व्हय रं?"

"न्हाई काकी. चाललंय."

"माझ्या म्हाताऱ्याचं पेन्शनीच्या कागदावर नाव चुकलं हुतं. सयाजीचं संभाजी केलं. ते नीट करायला दोन वर्सं साताऱ्याला हेलपाटं घातलं त्यानं. तवापासनं कुठंबी नाव आलं की आधी बोट ठिवून वाचायचा. तू चुकवू नगंस."

"न्हाई चुकणार, काकी."

"आन् वेळंवर दे. बिननावाचं ताट दिलं तर लोकं म्हणतील, म्हातारीनं दुकान टाकलंय."

त्या गेल्या, आणि जाफर उठून घरात गेला. परत आला तो जुनं मशीन घेऊन. मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?" तो म्हणाला, "एकशे ऐंशी ताटं हायती, दिवाणजी. एकदाच. शेवटची." त्यानं ताट मांडीवर घेतलं, नाव तीनदा वाचलं आणि सुरुवात केली. 'कै.' नीट आलं. 'सुभेदार' लिहिताना अक्षरं उतरणीला लागली. 'सयाजी'तल्या 'जी'ची वेलांटी ताटाच्या काठापर्यंत गेली, आणि त्याला ते कळलंच नाही. बोटं चुन्यासारखी पांढरी झाली होती.

मेहरुनबी दारातून पाहत होती. ती आली, आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन काढली, मशीनसकट वायर घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि विळीवर ओढून तिचे दोन तुकडे केले. परत येऊन दोन्ही तुकडे त्याच्यापुढं ठेवले.

"आता काय ते तुमच्या त्या निळ्या दिव्याकडनं करून घ्या," ती म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला गेली.

माझी पुतणी अपेक्षा मिरजेत असते. रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करणं हे तिचं काम, त्यात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे लेझरही येतात. बुधवारी जाफरला हात दाखवायला मिरजेला जायचंच होतं. लेझर आणि त्याचा पॉवर सप्लाय आम्ही पिशवीत घेतला आणि सकाळची पॅसेंजर धरली. गाडीत जाफर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. ताकारी स्टेशन गेलं. मग म्हणाला, "दुरुस्त न्हाई झाला तर काकींना काय सांगायचं, ते तुमी सांगा." मी म्हटलं, आधी पोचू दे. खरं तर मीही तेच वाक्य मनात जुळवत होतो.

अपेक्षाच्या खोलीत बाक, मीटर आणि उघडी पडलेली यंत्रं. तिनं आधी आम्हा दोघांना नारिंगी चष्मे दिले.

"चाचा, आजवर काय लावत होता?"

"वेल्डिंगची काच."

"कायम?"

जाफरनं माझ्याकडं पाहिलं. "बिघडल्यावर जरा काढून बघितलं. बारीक उजेड हुता म्हणून."

तिनं कागदावर एका नेत्रतज्ज्ञाचं नाव लिहून त्याच्या खिशात कोंबलं. आज जाताना दाखवूनच जायचं, म्हणाली. त्याच्या भीतीला आणखी एक जागा मिळाली. संध्याकाळी डोळे ठीक निघाले, पण तोवर तो एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.

मग तिनं डायोड स्वतःच्या सप्लायला जोडला आणि वीज हळूहळू वाढवत नेली. उजेड वाढला, पण सारखाच, पसरट.

"लेझर चांगला असला की एका ठरावीक जागी एकदम उसळी घेतो," ती म्हणाली. "तोवर मंद असतो, मग अचानक धार येते. ह्याला ती उसळीच नाही. चाचा, हा लेझर राहिलेला नाही. नुसता दिवा झालाय."

"लेन्स न्हाई?"

"नाही. आत तांदळाच्या कणीहून बारीक तुकडा असतो. प्रकाश ज्या कडेतून बाहेर येतो ती कडच जळलीय."

"दुरुस्त हुतंय का?"

"नाही होत."

जाफरनं मान हलवली, जणू डॉक्टर बोलत होते.

"असा जळायला जास्त वीज जायला लागते," अपेक्षा म्हणाली. तिनं त्याचा पॉवर सप्लाय लावून पाहिला. "दोनशे तीसला बरोबर देतोय. पण तुम्ही ह्यात वीज आवरायला फक्त एक रेझिस्टर टाकलाय. मागून जेवढं येईल तेवढं पुढं जाणार. मागून किती येतं तुमच्याकडं?"

"दिवसा एकशे साठ-सत्तर. म्हणून बूस्टर लावलाय."

"आणि साडेपाचला थ्री फेज गेली."

"व्हय. तवा मी बूस्टर खाली केला."

"कुठला?"

"टीव्हीचा..." तो थांबला.

लेझरसाठी त्यानं शेडमध्ये महिन्यापूर्वी दुसरा बूस्टर घेतला होता, हे मला त्या क्षणी आठवलं.

"वीस वर्सं झाली," जाफर हळूच म्हणाला. "थ्री फेज गेली की पाय टीव्हीकडंच पळत्यात. लेझर हाताखाली चालू हुता. त्यो सोडून मी टीव्ही वाचवाय पळालो."

"टीव्ही चालू होता?"

"न्हाई. बंदच हुता."

अपेक्षाला हसू आलं. तिनं ते आवरलं, पण जाफरच हसला आणि मग आम्हाला हसता आलं. ते फार टिकलं नाही. वर चढलेल्या व्होल्टेजवर आणखी साठ व्होल्ट बूस्टरचे चढले होते. मिनिटभरच. तेवढं पुरलं.

तिनं उपाय सांगितला. नवा डायोड. त्याच्यापुढं एक छोटा ड्रायव्हर, जो मागून कितीही आलं तरी पुढं ठरलेलीच वीज सोडतो. आणि भिंतीतल्या विजेशी संबंधच नको, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवा. ड्रायव्हर तिच्याकडं पडून होता, त्याचे पैसे तिनं घेतले नाहीत. वीज कमी-जास्त करणारा त्यावरचा बारीक स्क्रू तिनं ठरावीक जागी आणून नेलपॉलिशनं बंद केला. "एवढ्यावरच. काम हळू होईल, पण डायोड टिकेल. हा स्क्रू फिरवायचा नाही, चाचा."

डायोडच्या पैशांसाठी त्यांनी टीव्ही विकला. कोरेगाव रस्त्यावरच्या एका चहावाल्यानं बूस्टरसकट नेला. "वाचवला ते बरं झालं," मेहरुनबी म्हणाली, "इकायला तरी आला." कमी पडले त्यात तिनं भर घातली. कुठून, ते जाफरनं विचारलं नाही.

पार्सल पुण्याहून निघालं आणि चार दिवस कुठं अडकलं ते कळेना. जाफर रोज दुकानात येऊन माझ्या मोबाईलवर ते कुठवर आलं ते बघायला लावायचा. सातारा, परत सातारा. "साताऱ्यात काय सोयरीक जमवतंय का काय?" तो म्हणायचा. पायरीवर बसायचा नाही. गिऱ्हाईक नाव घालायचं विचारायचं, तर उगाच रस्त्याकडं बघत राहायचा.

एकोणीस तारखेला डायोड आला. शेजारच्या नाथाजीनं ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली. दुपारी आम्ही तिघं शेडमध्ये उभे होतो. जाफरनं चष्मा लावला, नाव तीनदा वाचलं आणि बटण दाबलं. पेंटवर बारीक धूर निघाला. मेहरुनबी म्हणाली, "वास आला." तेवढंच.

अक्षरं उमटत होती, पण हळू. एका ताटाला वीस मिनिटांच्या वर. दिवसाकाठी फार तर वीस ताटं होणार, मधेच बॅटरी उतरणार, ती नाथाजीकडं नेऊन चार्ज करायची, तोवर काम बंद. मी हिशेब मांडला आणि दोनदा तपासला. सत्तावीसपर्यंत तीस-पस्तीस ताटं कोरी राहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. "दिवाणजी, त्यो स्क्रू. अर्धा आटा फिरवू का? येळ निम्मा हुईल."

"अपेक्षानं काय सांगितलंय?"

"ते म्हाईत हाय. पण सत्तावीस तारखंला काकींच्या दारात मी जायचंय, ती न्हाई."

मी त्याला म्हटलं, मी येईपर्यंत हात लावू नकोस. मालकांना सांगून सायकल काढली. गेलो तेव्हा तो स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसला होता. नेलपॉलिश खरवडलेलं होतं. स्क्रू फिरवलेला नव्हता.

"बोटांनी धरता येईना," तो म्हणाला. "स्क्रूड्रायव्हर हातातनं घसरतोय, आन् घसरलेला कळत न्हाई." मग म्हणाला, "कळलं आसतं तर फिरवला आसता."

मी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातून घेतला. मग आम्ही दोघं बनुबाईंकडं गेलो, खरं काय ते सांगायला. दुसरा रस्ता नव्हता.

बाई ओट्यावर गहू निवडत होत्या. जाफरनं सगळं सांगितलं. हात, लेझर, टीव्ही, बूस्टर. लपवलं काही नाही. झालेलं एक ताट त्यानं त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं.

"हे हाताला लागत न्हाई. तुझं आधीचं लागायचं."

"व्हय काकी. ह्ये लागत न्हाई."

"मंग जाईल पुसून."

त्या उठल्या, न्हाणीत गेल्या आणि तारेची घासणी आणि राख घेऊन आल्या. आमच्यासमोर ते ताट घासायला बसल्या. जोर लावून, वळवून वळवून. जाफर उभाच होता. मी दुसरीकडं बघत होतो, पण कान त्या खसखस आवाजाकडं. बाईंनी पाणी ओतलं, ताट उन्हात तिरकं धरलं. अक्षरं किंचित फिकी झाली होती, पण सगळी होती.

"किती राहत्यात म्हणालास?"

"तीस-पस्तीस. नाव बारीक केलं तर हुतील. पण तुमी सांगितल्याशिवाय..."

ताटावर पूर्ण मजकूर असा होता: 'कै. सुभेदार सयाजी अर्जुना फडतरे यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ, श्रीमती बनुबाई व परिवार.' बाईंनी तो बोट ठेवून वाचला.

"माझं नाव काढ. परिवारबी काढ. ताट कुणी दिलं ते खाणाऱ्याला कळतंय. म्हाताऱ्याचं एक अक्षर कमी करू नगंस."

"आन् झालेली साठ हायती, त्येंच्यावर तुमचं नाव..."

"ती भावकीला दे. भावकीला कुणी दिलं त्ये सारखं सांगावं लागतंय."

त्यानंतरचे दिवस एका चालीनं गेले. ताट, पेंट, निळा उजेड, थिनर, पुसणं. मेहरुनबी पेंट लावायची, जाफर ताट बसवायचा, मी दुकान सुटल्यावर पुसायला जायचो. बॅटरी उतरली की सगळे थांबायचे. स्क्रूला पुन्हा नेलपॉलिश लागलं, मेहरुनबीच्या बाटलीतलं, लालभडक. २६ तारखेला दुपारी शेवटचं ताट झालं. संध्याकाळी टेम्पो आला.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघंही जेवलो. लोक ताटं घेऊन निघाले. कुणी नावाकडं पाहिलं, कुणी पाहिलं नाही. जाताना बनुबाई जाफरला म्हणाल्या, "तुझं अक्षर पैल्यासारखं न्हाई रं." तो म्हणाला, "न्हाई काकी." बाईंनी राहिलेले पैसे दिले.

आता जाफर पायरीवर बसत नाही. नावं घेतो, ताटं घरी नेतो, दुसऱ्या दिवशी आणून देतो. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते आता जाणार नाही. गिऱ्हाईक जरा कमी झालं आहे. थांबून नाव घालून घ्यायची सवय असलेल्यांना एक दिवस थांबणं जड जातं.

त्या आठवड्यात नाथाजीनं बॅटरी सहा वेळा चार्ज करून दिली. त्याचे एकशे ऐंशी रुपये जाफरनं अजून दिलेले नाहीत.